हॉटेलचा दर आणि शेतमालाचा भाव : महागाईचा फटका शेतापर्यंत कसा पोहोचतो?

मे २०२३ मध्ये नाशिक आणि जुन्नर पट्ट्यातील टोमॅटो उत्पादकांना किलोला दोन-तीन रुपयेही मिळत नव्हते. तोडणीची मजुरी निघत नसल्याने अनेकांनी माल रस्त्यावर ओतला, काहींनी उभ्या पिकात जनावरे सोडली. जेमतेम दोन महिन्यांनी, जुलैमध्ये, नारायणगाव बाजारात २० किलोच्या क्रेटचा भाव २,००० रुपयांच्या वर गेला.

या दोन महिन्यांत हॉटेलातील टोमॅटो सूप, पावभाजी किंवा पनीर मसाल्याचा दर किती बदलला? मे महिन्यात तो कमी झाला नाही आणि जुलैमध्ये टोमॅटोच्या प्रमाणात वाढलाही नाही. म्हणजे बाजारातील चढउताराचा मोठा भाग ग्राहकाच्या बिलापर्यंत पोहोचलाच नाही. तो आधीच कोणीतरी सोसला. स्वस्ताईत तो शेतकऱ्याने सोसला. महागाईत हॉटेलवाल्याने ताटातील जिन्नस बदलून आपला तोटा आवरला.

हॉटेले, खानावळी, केटरर, बेकरी आणि प्रक्रिया कारखाने हे भाजीपाला, दूध, अंडी व कोंबडी यांचे मोठे गिऱ्हाईक आहेत. त्यांना थेट माल देणाऱ्या शेतकऱ्यांची आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांची संख्याही वाढते आहे. म्हणूनच महागाई किंवा आर्थिक धक्का आला की हे गिऱ्हाईक कसे वागते, हे लागवडीच्या नियोजनाआधी समजून घेणे गरजेचे आहे.

हॉटेलचे गणित कसे चालते?

साधारणपणे हॉटेल व्यवसायात विक्रीच्या ३० ते ३५ टक्के रक्कम कच्च्या मालावर खर्च होते. उरलेल्या रकमेतून भाडे, पगार, गॅस, वीज, कर आणि कर्जाचे हप्ते भागवावे लागतात. हा दुसरा खर्च गिऱ्हाईक कमी आले तरी फारसा कमी होत नाही.

उदाहरण म्हणून १०० रुपयांची विक्री धरू. त्यात कच्चा माल ३३ रुपयांचा आणि नफा १० रुपयांचा आहे. कच्चा माल सरासरी २० टक्क्यांनी महागला, तर तो खर्च ३९ रुपये ६० पैसे होतो. नफ्यातील ६ रुपये ६० पैसे गेले, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश नफा संपला. त्यामुळे भाववाढ दिसली की हॉटेलवाला लगेच हातपाय हलवतो.

मग तो मेन्यूकार्डावरचा दर का वाढवत नाही? कारण दर वाढवला की नेहमीचे गिऱ्हाईक शेजारच्या हॉटेलात जाते. महागाईच्या काळात कुटुंबेही आधी बाहेरचे खाणे कमी करतात, घरचा किराणा नाही. म्हणून हॉटेलवाला दराला हात लावण्याआधी पुढील मार्ग वापरतो :

- महागलेल्या जिन्नसाचे प्रमाण कमी करणे. उदाहरणार्थ, कांद्याऐवजी कोबी किंवा मुळ्याची कोशिंबीर देणे.
- पर्यायी जिन्नस वापरणे. ताज्या टोमॅटोऐवजी प्युरी, दुधाच्या पनीरऐवजी वनस्पती तेलावर आधारित ॲनालॉग पनीर.
- पदार्थच काही दिवस बंद ठेवणे.
- पहिल्या प्रतीऐवजी दुसऱ्या प्रतीचा माल घेणे.
- पुरवठादाराची उधारी लांबवणे.

हे पाचही मार्ग शेवटी शेतकऱ्यापाशी येऊन थांबतात. त्यातील पहिले चार आपल्या मालाची मागणी किंवा दर्जाची किंमत कमी करतात. पाचवा आपले खेळते भांडवल अडकवतो.

भाव पडला तरी हॉटेलची मागणी का वाढत नाही?

एका भाजीच्या प्लेटला साधारण १०० ग्रॅम टोमॅटो लागतो असे धरू. हॉटेलला टोमॅटो २० रुपये किलोने पडत असेल, तर प्लेटमागे खर्च २ रुपये. भाव निम्म्यावर, म्हणजे १० रुपयांवर आला, तर प्लेटमागे बचत फक्त १ रुपया. १६० रुपयांच्या प्लेटमध्ये एक रुपया वाचला म्हणून कोणी दर उतरवत नाही. दर उतरला नाही, तर गिऱ्हाईक वाढत नाही. गिऱ्हाईक वाढले नाही, तर टोमॅटोही जास्त लागत नाही.

आता उलटे पाहा. भाव १२० रुपयांवर गेला, तर प्लेटमागे खर्च १२ रुपये होतो. आता तो जाणवतो आणि वापर कमी केला जातो.

थोडक्यात, माल स्वस्त झाल्यावर हॉटेल जास्त घेत नाही, पण महाग झाल्यावर कमी घेते. आवक वाढून भाव पडले की हॉटेलवाले माल उचलतील, ही अपेक्षा त्यामुळे फोल ठरते. ताज्या भाजीपाल्याच्या अतिरिक्त आवकेला हॉटेल हा उपाय नाही. ते नियमित, ठरावीक वजनाचे गिऱ्हाईक आहे आणि त्याचा उपयोग तेवढाच धरावा.

याला बाजारव्यवस्थेची जोड आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ग्राहकाच्या एका रुपयातील शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ पैसे आणि बटाट्यात ३७ पैसे आढळला. वाहतूक, आडत, हमाली, नासाडी व किरकोळ विक्री यांचा खर्च मालाचा भाव पडला म्हणून त्याच प्रमाणात कमी होत नाही. त्यामुळे घसरणीचा मोठा भाग शेतकऱ्याच्या वाट्याला येतो.

धक्क्याचे तीन प्रकार

सगळे आर्थिक धक्के सारखे नसतात. धक्का कुठून आला आहे हे ओळखले, तर आपल्या पिकावर काय परिणाम होईल याचा अंदाज बांधता येतो.

*१) एकाच पिकाची टंचाई : टोमॅटो, २०२३*

उन्हाळ्यातील पडेल भावामुळे लागवड आणि पिकाची निगा कमी झाली. त्यात मार्च-एप्रिलमधील उष्णता, विषाणूजन्य रोग आणि उत्तरेकडील अतिवृष्टी यांची भर पडली. जुलै २०२३ मध्ये देशातील किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्के झाला. भाजीपाल्याची महागाई ३७ टक्क्यांच्या वर गेली.

त्याच महिन्यात मॅकडोनाल्ड्सच्या उत्तर व पूर्व भारतातील अनेक शाखांनी चांगल्या दर्जाचा टोमॅटो पुरेसा मिळत नसल्याचे सांगून तो पदार्थांतून काढला. लहान हॉटेलांनी प्युरी, चिंच, दही यांवर काम भागवले. केंद्र सरकारने राष्ट्रीय सहकारी ग्राहक महासंघामार्फत दिल्लीसारख्या शहरांत जुलैच्या मध्यापासून ९० रुपये किलोने टोमॅटो विकायला सुरुवात केली. ऑगस्टअखेर हा दर ४० रुपयांवर आला होता. नेपाळमधूनही टोमॅटो आला.

धडा पुढच्या टप्प्यात आहे. जुलैचा भाव पाहून ज्यांनी लागवड केली, त्यांचा माल रोपलागणीनंतर ६० ते ७० दिवसांनी, म्हणजे सप्टेंबरमध्ये एकदम बाजारात आला. तोपर्यंत काही बाजारांत भाव पुन्हा किलोला पाच रुपयांच्या आसपास घसरला होता. टंचाईचा भाव पाहून केलेली लागवड बहुधा मंदीच्या भावात विकली जाते.

*२) मागणी एकदम थांबणे : २०२०*

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. हॉटेले, लग्नाची कार्यालये, कॅन्टीन, मिठाईची दुकाने एका रात्रीत बंद झाली. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत व्यापार, हॉटेल, वाहतूक व दळणवळण या गटाची उलाढाल पहिल्या अंदाजानुसार ४७ टक्क्यांनी आक्रसली. त्याच तिमाहीत शेतीक्षेत्र मात्र ३.४ टक्क्यांनी वाढले. म्हणजे माल पिकला होता, पण घेणारा दरवाजा बंद होता.

सर्वांत मोठा फटका हॉटेलवरच विसंबलेल्या पिकांना बसला. ब्रोकोली, झुकिनी, लेट्यूस, सेलरी, लाल कोबी, रंगीत ढोबळी मिरची, चेरी टोमॅटो हा माल घरगुती स्वयंपाकात फारसा जात नाही. कांदा-बटाटा घरोघरी विकला गेला. लेट्यूसला दुसरे गिऱ्हाईकच नव्हते आणि तो साठवताही येत नाही.

दुधातही हेच झाले. हॉटेल, चहाच्या टपऱ्या, मिठाई व आइस्क्रीमची मागणी थांबल्याने दूध अतिरिक्त ठरले. राज्य सरकारने दिवसाला १० लाख लिटर दूध २५ रुपये लिटरने घेऊन त्याची भुकटी करण्याचा निर्णय घेतला. तरीही अनेक भागांत गाईच्या दुधाला २० रुपयांपेक्षा कमी दर मिळाला. कुक्कुटपालकांना तर टाळेबंदीच्या आधीच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोंबडीतून कोरोना होतो या अफवेने ग्रासले होते. ब्रॉयलर पक्षी ४० दिवसांच्या आसपास विक्रीला येतो. तो आणखी ठेवला तर खाद्याचा खर्च वाढतच जातो. त्यामुळे मिळेल त्या भावाने पक्षी द्यावे लागले.

*३) तेल, गॅस व खाद्याची महागाई : २०२१-२२*

या प्रकारात आपले पीक महाग नसते, पण हॉटेलचा इतर खर्च वाढलेला असतो. देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाले आणि सूर्यफूल तेलाचा पुरवठा अडखळला. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात सुमारे साडेतीन आठवडे बंद ठेवली. मे २०२२ मध्ये १९ किलोच्या व्यावसायिक गॅस सिलिंडरचा दिल्लीतील दर २,३५५ रुपये ५० पैशांवर गेला.

तळण आणि गॅस महागले की हॉटेल भाजीपाल्याच्या खरेदीत काटकसर करते. आपल्या ढोबळी मिरचीचा तेलाशी संबंध नाही असे वाटते, पण हॉटेलचे गल्ल्यातील पैसे एकच असतात.

यात दुसरी बाजूही आहे. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लातूर बाजारात सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या घरात पोहोचले. सोयापेंड महागल्याने कुक्कुटपालक अडचणीत आले. केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली. नव्या हंगामाचा माल येऊ लागेपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास आले होते. एका शेतकऱ्याचा चांगला भाव हा दुसऱ्या शेतकऱ्याचा कच्च्या मालाचा खर्च असतो आणि दोघांच्या मध्ये सरकारी निर्णय येतो.

सरकारी हस्तक्षेपही हिशेबात धरावा

२०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न व पेये यांचा भार जवळपास ४६ टक्के होता. त्यामुळे भाजीपाला भडकला की एकूण महागाईचा आकडा वर जातो आणि सरकार हालचाल करते. कांद्याचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आणि ८ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा बंदी. ही शेवटची बंदी मे २०२४ मध्ये उठली, तीही किमान निर्यातमूल्य व शुल्काच्या अटींसह.

म्हणून किरकोळ बाजारात कांदा ५०-६० रुपयांवर गेला, की चाळीतील सगळा माल आणखी वाढीच्या आशेवर धरून ठेवू नये. टप्प्याटप्प्याने विक्री करावी.

कोणत्या मालाला धोका किती?

- परदेशी भाजीपाला : सर्वांत जास्त धोका. मागणी मोठ्या हॉटेलांवर अवलंबून, टिकवण कमी, घरगुती गिऱ्हाईक थोडे.
- रंगीत ढोबळी मिरची : जास्त धोका. पॉलिहाऊसचे कर्ज असल्याने लागवड थांबवणे सोपे नसते.
- ब्रॉयलर कोंबडी : जास्त धोका. पक्षी थांबवता येत नाही. श्रावण, मार्गशीर्षातील नेहमीची घट वेगळी आणि अफवेची घट वेगळी, हा फरक ओळखावा.
- दूध : मध्यम धोका. घरगुती मागणी टिकते, पण हॉटेल व मिठाईची मागणी गेली की अतिरिक्त दुधाचा दर घसरतो.
- टोमॅटो : मध्यम ते जास्त धोका. घरगुती मागणी भक्कम, पण साठवण नाही.
- कांदा, बटाटा, लसूण : हॉटेल बंद पडण्याचा धोका कमी, कारण साठवण शक्य आहे. कांद्यात सरकारी निर्णयाचा धोका मात्र मोठा.

गोव्याच्या पर्यटनावर माल अवलंबून असलेल्यांनी हंगामही पाहावा. गोव्याला भाजीपाला मुख्यतः बेळगाव भागातून जातो. पावसाळ्यात पर्यटक कमी झाल्यावर मागणी घटते, ही नेहमीची बाब आहे. ऐन हिवाळी हंगामात मागणी घटली, तर ती धोक्याची खूण समजावी.

धोक्याची लक्षणे आधी कशी ओळखावीत?

हॉटेल बंद पडण्याआधी त्याच्या खरेदीत बदल दिसतो. पुढील गोष्टी वहीत टिपून ठेवाव्यात :

१. पैसे १५ दिवसांऐवजी २५-३० दिवसांनी येऊ लागणे. हे सर्वांत पहिले लक्षण असते.
२. रोजची मागणी दिवसाआड होणे किंवा वजन कमी होणे.
३. पहिल्या प्रतीऐवजी मिश्र प्रतीचा माल मागणे.
४. खरेदी पाहणारा माणूस वारंवार बदलणे.
५. मेन्यूकार्डातील पदार्थ कमी होणे.

यातील दोन लक्षणे एकत्र दिसली, तर त्या गिऱ्हाइकाची उधारी वाढू देऊ नये.

शेतकऱ्यांनी काय करावे?

*दराचा पट्टा ठरवावा.* हॉटेलला ताटाचा खर्च स्थिर हवा असतो आणि शेतकऱ्याला उत्पादनखर्च निघण्याची खात्री. दोघांची गरज जुळते. बाजार समितीच्या सर्वसाधारण दराशी जोडलेला, पण किमान व कमाल मर्यादा असलेला दर लेखी ठरवावा.

समजा टोमॅटोचा उत्पादनखर्च किलोला ११ रुपये आहे आणि पट्टा १२ ते ३५ रुपयांचा ठरला. सहा महिन्यांत बाजारभाव ६, १०, १८, ३०, ६० आणि १५ रुपये राहिला. दर महिन्याला सारखेच वजन दिले, तर बाजारात सरासरी २३ रुपये २० पैशांच्या आसपास मिळतील. पट्ट्यानुसार १२, १२, १८, ३०, ३५ आणि १५, म्हणजे सरासरी २० रुपये ३० पैसे मिळतील.

सरासरीत जवळपास तीन रुपये कमी मिळाले, हे मान्य करावे लागेल. पण एकाही महिन्यात खर्चाखाली विकावे लागले नाही. ज्याच्या डोक्यावर पीककर्ज आहे, त्याच्यासाठी ही खात्री मोलाची असते. मात्र ६० रुपये भाव असताना ३५ रुपयांनी माल देण्याचा शब्द पाळावा लागतो. तेजीत शब्द फिरवणाऱ्याला मंदीत किमान दर कोणी देत नाही.

*सगळा माल एका दारात नेऊ नये.* भाजीपाल्यात हॉटेल व केटररकडे एकूण मालाच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त माल अडकवू नये. उरलेला बाजार समिती, थेट ग्राहक, किरकोळ विक्रेते यांच्यात विभागावा. हॉटेलांमध्येही एका मोठ्या गिऱ्हाइकापेक्षा चार मध्यम गिऱ्हाईक बरे. रुग्णालय, वसतिगृह, कारखान्याचे कॅन्टीन यांची मागणी पर्यटनावर अवलंबून नसते.

*उधारीला मर्यादा घालावी.* एका गिऱ्हाइकाकडे किती दिवसांचे पैसे अडकले तर आपला पुढचा हंगाम थांबेल, हे आधी मांडावे. तेवढी मर्यादा झाली की रोखीशिवाय माल देऊ नये. प्रत्येक गाडीबरोबर वजनाची पावती व सही घ्यावी.

*लागवड टप्प्याने करावी.* टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची यांची एकाच वेळी मोठी लागवड करण्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तुकडे पाडावेत. परदेशी भाजीपाला घेणाऱ्यांनी काही क्षेत्र कोथिंबीर, मेथी, कोबी, फ्लॉवर अशा घरोघरी खपणाऱ्या पिकांखाली ठेवावे.

*हॉटेलचा खर्च वाचेल असा माल द्यावा.* गॅस व मजुरी महागली की सोललेला लसूण, चिरलेला कांदा, निवडलेली पालेभाजी, टोमॅटो प्युरी यांना मागणी येते. गटाने किंवा उत्पादक कंपनीने हे काम हाती घेता येते. त्यासाठी अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवाना, स्वच्छ पाणी आणि शीतसाखळी आवश्यक आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत २०२५-२६ पर्यंत पात्र प्रकल्पाला खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद होती. अर्ज करण्याआधी सध्याच्या अटी तालुका कृषी कार्यालयात तपासून घ्याव्यात. यंत्र घेण्याआधी मात्र किमान तीन हॉटेलांना नमुना देऊन पाहावा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

- शेतकरी गटाच्या बैठकीत भाव सांगताना आजचा भाव सांगून थांबू नये. याच आठवड्याचे मागील तीन वर्षांचे भाव व आवक शेजारी मांडावी. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजारभावाची माहिती मिळते.
- भाव भडकलेल्या पिकाची लागवड करू पाहणाऱ्यांना तोडणीचा महिना विचारावा. त्या महिन्यात आणखी कोणत्या भागाचा माल येणार आहे, याचा हिशेब त्यांच्यासोबत करावा. रोपवाटिकांतील रोपांची मागणी हा यासाठी चांगला निर्देशक आहे.
- पॉलिहाऊस किंवा परदेशी भाजीपाल्याच्या प्रकल्प अहवालात हॉटेल दोन महिने बंद राहिल्यास हप्ता कसा फेडणार, हा प्रश्न लेखी विचारावा.
- हॉटेलशी करार करणाऱ्या गटांना किमान-कमाल दर, प्रत, पैसे देण्याची मुदत आणि माल नाकारण्याच्या अटी मराठीत लिहून घ्यायला मदत करावी.

टाळेबंदीसारखा प्रसंग वारंवार येत नाही, पण तेल, गॅस, खाद्य किंवा एखाद्या भाजीची महागाई दर दोन-तीन वर्षांनी डोके वर काढते. अशा वेळी हॉटेलवाला आपले ताट सांभाळतो, सरकार ग्राहकाला सांभाळते. शेतकऱ्याला आपला हिशेब लागवडीआधीच सांभाळावा लागतो. या हंगामाचे रोप सांगण्याआधी आपला किती माल हॉटेलवर अवलंबून आहे, ती उधारी किती दिवसांची आहे आणि ते दार बंद झाले तर दुसरे कोणते उघडे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून ठेवावीत.